दुधाचे दात आणि लेकरांची वाढ

वसतिगृहात नवे मूल दाखल होते तेव्हा आपण त्याची उंची मोजतो, वजन घेतो. तोंड उघडून मात्र क्वचितच पाहतो. ‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच,’ ही आपली समजूत लेकरांच्या वाढीला महाग पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाढ दुखणारे मूल भाकरी, फुटाणे, शेंगदाणे टाळते आणि चहात बुडवलेल्या बिस्किटावर भागवते. रात्रीची झोप मोडते, भूक मंदावते, वजन खुंटते. उलट, पहिल्या दोन-तीन वर्षांत पोषण तोकडे पडले तर दातांचे कवचच कच्चे घडते व कीड लवकर लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. त्यांच्या दातांकडे पाहिल्याशिवाय त्यांच्या ताटाचा विचार पुरा होत नाही.

याचा दोष मातांवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. आपला वाशीम जिल्हा २०१८ पासून देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सोयाबीन सोंगायला पहाटेच निघणाऱ्या आईला रडते लेकरू पाच रुपयांच्या गोड पुड्याने शांत करावे लागते. हा अज्ञानापेक्षा परिस्थितीचा प्रश्न आहे; म्हणून उत्तरही सर्वांनी मिळून शोधले पाहिजे.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली आणि ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले, अशी नोंद विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. मुखशुद्धी हा आपल्या शिस्तीचा जुनाच भाग आहे.

निवासी शाळेला येथे मोठी संधी आहे. उंची-वजनाच्या नोंदवहीत दातांचा एक रकाना वाढवावा. रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते, हे प्रत्येक पालकाला सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाकडून दातांचीही तपासणी आग्रहाने करून घ्यावी. वैद्यकीय क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा.

ज्ञानाची भूक जागवणाऱ्या संस्थेने लेकरांना घास नीट चावता येतो की नाही, हेही पाहावे, एवढीच आमची विनंती.