मागच्या सीटचं हेल्मेट

सिल्वासाहून दादरामार्गे वापीला बाईकवर जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. नगर हवेली आणि दादरा यांच्यामध्ये गुजरातची पट्टी आहे. तिथून ये-जा करण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला होता. निकाल १९६० चा. आज ती हद्द कुणाच्या लक्षातही येत नाही. आठवते ती फक्त हेल्मेटचा विषय निघाला की! “अहो, गुजरातमध्ये चालतं.”

डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून ही सबब जास्तच ऐकू येते. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ देशभर एकच. चालवणारा, मागे बसणारा आणि चार वर्षांवरची पोरंही, सगळ्यांना हेल्मेट, तेही पट्टा बांधून. दंडाची रक्कम राज्यागणिक बदलेल, पण कंटेनरखाली आल्यावर हद्द कुठली ते कोण बघतं?

आपल्याकडे दादा हेल्मेट घालतात आणि वहिनी मागे मोकळ्या डोक्याने बसतात. माझं स्पष्ट मत, कंपन्यांनी गेटवर दोन्ही हेल्मेटं बघूनच बाईक आत घ्यावी. तोवर घरात दुसरं, आयएसआय मार्कचं हेल्मेट आहे का, तेवढं आजच बघा.