न काढलेल्या तिकिटाचं भाडं

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडाल तेव्हा घरात केळीच्या भावाचं बोलणं चालूच असेल. आम्ही मात्र यंदा एका गाडीबद्दल लिहिणार आहोत. ती बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या आपल्या शाहपुरात येत नाही, येणारही नाही. भाडं तेवढं आपण भरतो.

३१ मे २०२५ ला इंदूरची मेट्रो सुरू झाली. आखलेला मार्ग साडेएकतीस किलोमीटर, मंजूर खर्च ७,५०० कोटी. किलोमीटरला सुमारे २३८ कोटी पडले. सुरुवातीला धावली ती सुपर कॉरिडॉरवरचे सहा किलोमीटर, पाच स्थानकं. पहिला आठवडा फुकट होता, तेव्हा लोक पोराबाळांसह जत्रेला यावेत तसे लोटले. तिकीट लागलं आणि डबे मोकळे झाले. होणारच. खांब आधी उभे राहिले ते मोकळ्या माळावर, आणि गर्दी आहे राजवाड्याला! तिथं गाडी वरून न्यायची की जमिनीखालून, यावर तेव्हाही खल चालला होता. शाहपूरचा माणूस इंदूरला जातो तो बहुधा आजाऱ्याला घेऊन. बस जिथं सोडेल तिथून तो रिक्षाच करतो.

या मेट्रोत केंद्राचा पैसा आहे, राज्याचा आहे, न्यू डेव्हलपमेंट बँकेचं कर्ज आहे. कर्ज फिटतं तिजोरीतून, आणि तिजोरीत आपल्या डिझेलवरचा करही पडतो.

म्हणून आम्ही मेट्रोच्या विरोधात आहोत असं कुणी समजू नये. मुंबईत २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, सुमारे साडेअकरा किलोमीटरची. अंधेरीच्या रस्त्यावर लोक आधीच अडकून बसले होते. गाडी त्यांच्यापाशी गेली आणि भरली. त्याच मुंबईत, त्याच वर्षी, चार महिने आधी मोनोरेल सुरू झाली होती. ती कधी भरलीच नाही. २०२५ च्या ऑगस्टच्या पावसात मात्र भरली, इतकी की भाराने अधांतरी अडकली आणि शेकडो प्रवाशांना शिड्या लावून उतरवावं लागलं. त्याच वर्षी २० सप्टेंबरपासून ती बंद ठेवली. शहर एक, साल एक. फरक फक्त कुठून कुठे, एवढाच.

तोट्याचं म्हणाल, तर तोटा हा काही गुन्हा नव्हे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमाराला, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, रयतेच्याच पैशातून सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. त्याची वसुली किती झाली, हे चारशे वर्षांत कुणी विचारलं नाही. पण पाणी नेलं ते तहानलेल्या वस्तीत. आधी पाट खणून मग वस्तीची वाट पाहिली नाही.

आमचं खरं दुखणं बसचं आहे. मध्य प्रदेशाने २००५ साली आपलं परिवहन महामंडळच गुंडाळलं. रावेरहून बऱ्हाणपूरला महाराष्ट्राची लालपरी येते. तीही तोट्यातच, पण येते. पलीकडच्या बायाबापड्या त्यांच्या हद्दीत अर्ध्या तिकिटात फिरतात. अलीकडे आपण खासगी गाडीच्या दारात लोंबकळतो. इंदुरात तर बससाठी खास राखलेला साडेअकरा किलोमीटरचा रस्ता होता, त्यावर रोज हजारो माणसं जात. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाचा निकाल येताच त्याचे कठडे तोडायला सुरुवात झाली. हाही पैसा आपलाच होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. चांगलं आहे. वीस वर्षांनी का होईना, आठवण झाली.

मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात जिल्ह्याला किती बस येतील, हा हिशेब आमच्या शेजारच्या आठवीतल्या पोराने तोंडी केला. आकडा ऐकून त्याचे आजोबा म्हणाले, “अरे, आम्हाला दोन पुरेत. पण सकाळी वेळेवर.”

हा अंकही बऱ्हाणपूरच्या छापखान्यातून बसच्या टपावर बसूनच आला. कंडक्टरने गठ्ठ्यांचं भाडं रोख मोजून घेतलं. पावती मागितली, तर हसला.