आपल्याच शेतातलं झाड तोडायला परवानगी कुणाची? केंद्राच्या नव्या नियमांनी काय बदलेल?

2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने कन्या वन समृद्धी योजना आणली. शेतकऱ्याच्या घरी मुलगी जन्मली की वन विभागाकडून दहा रोपं द्यायची, अशी ही योजना. सागाची पाच, आंब्याची दोन आणि फणस, जांभूळ, चिंच यांचं प्रत्येकी एक. मुलीबरोबर झाडं वाढतील आणि पुढे तिच्या शिक्षणाला, लग्नाला त्या झाडांचे पैसे हाताशी येतील, हा त्यामागचा विचार.

पण या पाचही जातींची नावं आणखी एका सरकारी यादीत आहेत. ही यादी 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याला जोडलेली आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, बिबळा अशी झाडं तिच्यात येतात. यादीतलं झाड तुम्ही स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या हाताने लावलेलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यावर कुऱ्हाड चालवता येत नाही. म्हणजे रोप सरकारने दिलं, वाढवलं शेतकऱ्याने, आणि विकायची वेळ आली की पुन्हा सरकारी दारात अर्ज.

हा अर्ज सोपा व्हावा म्हणून केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने जून 2025 मध्ये राज्यांना आदर्श नियम पाठवले. विषय आहे शेतजमिनीवरची झाडतोड. वरवर पाहता ही फक्त कागदपत्रांची सुधारणा वाटते, पण महाराष्ट्रात तिचा परिणाम विदर्भात एक आणि कोकणात दुसराच होऊ शकतो.

सध्या काय करावं लागतं?

खासगी जमिनीवरच्या लाकडाला वन विभागाच्या बोलीत ‘मालकी’ म्हणतात आणि अशा अर्जांना ‘मालकी प्रकरणं’. प्रकरण करायचं तर सातबारा हवा, त्यावर झाडांची नोंद हवी, गटाचा नकाशा हवा. शेताला लागून सरकारी जंगल असेल तर झाड नक्की कुणाच्या हद्दीत आहे याची खात्री करावी लागते आणि इथे महसूल आणि वन अशा दोन खात्यांमध्ये कागद फिरतो. त्यानंतर जागेवर पाहणी, झाडांची मोजदाद, तोडलेल्या लाकडावर हातोड्याची खूण आणि शेवटी लाकूड हलवायचा वाहतूक परवाना. आदिवासी शेतकऱ्याच्या झाडांच्या विक्रीसाठी तर 1969 चा वेगळा कायदा आहे. त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून तो आला, पण त्याने एक पायरी वाढवलीही.

पाच-सात झाडं विकायची असलेला शेतकरी एवढी धावपळ करत नाही. तो उभी झाडं ठेकेदाराला देतो. ठेकेदार कागद सांभाळतो आणि त्या त्रासाची किंमत झाडाच्या भावातून कापून घेतो.

याचा दुसरा परिणाम शेतकरी काय लावतो यावर होतो. सुबाभूळ आणि निलगिरी 1964 च्या यादीत नाहीत, म्हणून ज्याला लाकडापासून चार पैसे हवेत तो त्यांच्याकडे वळतो. उत्तरेकडे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पॉप्लर आणि निलगिरीची झाडं पिकासारखी लावली आणि काढली जातात, आणि हरियाणातलं यमुनानगर त्या लाकडावर प्लायवूडचं मोठं केंद्र झालं. झाड विकता येईल अशी खात्री असेल तर शेतकरी झाड लावतो, हे तिथे दिसलं. बांबूच्या बाबतीत केंद्राने हाच धडा घेतला होता. नोव्हेंबर 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि जंगलाबाहेरचा बांबू तोडून नेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं, जरी वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणत असलं तरी.

नव्या नियमांत काय आहे?

नॅशनल टिंबर मॅनेजमेंट सिस्टिम या पोर्टलवर शेतकऱ्याने आपल्या लागवडीची नोंद करायची. त्यात जमिनीची मालकी, शेताचं नकाशावरचं नेमकं ठिकाण, झाडांच्या जाती आणि लागवडीचा काळ द्यायचा. तोडायची वेळ आली की तिथेच अर्ज. झाडं दहापेक्षा जास्त असतील तर राज्याच्या समितीने नेमलेली संस्था जागेवर जाऊन पडताळणी करणार आणि तिच्या अहवालावरून परवाना मिळणार. झाडं दहापर्यंत असतील तर फोटो आणि माहिती अपलोड करायची, आणि ना हरकत प्रमाणपत्र प्रणालीतूनच मिळेल. वाहतूक परवान्यासाठी देशभराची ऑनलाइन व्यवस्था डिसेंबर 2023 मध्येच सुरू झाली आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ‘दहा झाडांपर्यंत आता परवानगी लागत नाही’ असा याचा अर्थ नाही. नोंद लागते, अर्ज लागतो, प्रमाणपत्र लागतं. आणि हे फक्त शेतजमिनीपुरतं आहे. सोसायटीच्या आवारातलं किंवा रस्त्याकडेचं झाड शहरात 1975 च्या वेगळ्या कायद्याखाली येतं, तिथे वृक्ष प्राधिकरण ठरवतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांपेक्षा जुन्या झाडांना शहरी भागात वारसा वृक्षाचा दर्जाही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे आदर्श नियम आहेत, कायदा नाही. वने हा विषय समवर्ती सूचीत असला तरी मालकी झाडांची परवानगी राज्यांच्या कायद्यांनी चालते. राज्याने आपले नियम बदलले तरच शेतकऱ्याच्या पदरात काही पडतं. तोवर महाराष्ट्रात 1964 चा कायदा आणि त्याची यादी लागू आहे.

कोकणात अडचण कुठे?

विदर्भातल्या शेतकऱ्याने धुऱ्यावर ओळीने लावलेला साग आणि सिंधुदुर्गातल्या डोंगरउतारावर आपोआप वाढलेले ऐन, किंजळ, जांभूळ हे दोन्ही कागदावर सारखेच दिसू शकतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वन विभागाच्या ताब्यातलं क्षेत्र फार थोडं आहे. बहुतेक झाडी खासगी जमिनीवर आहे, अनेक ठिकाणी एकेका सातबाऱ्यावर डझनभर नावं आहेत आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत. असा डोंगर ठेकेदाराला दिला की तो एका हंगामात मोकळा होतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या झाडतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाला 2013 मध्ये बंदी घालावी लागली, ती याच भागातल्या जंगलासाठी.

मोबाइलवर काढलेल्या फोटोत झाडाचा बुंधा दिसतो, ते लावलेलं आहे की रुजलेलं, हे दिसत नाही. दहाच्या मर्यादेचंही तसंच. एका गटात बारा हिस्सेदार असतील आणि प्रत्येकाने दहा-दहा झाडांचा अर्ज केला तर एकशे वीस झाडं पडताळणीशिवाय निघू शकतात. पडताळणी करणाऱ्या संस्थांवर उपवनसंरक्षकांनी देखरेख करायची आहे खरी, पण तोडलेलं झाड देखरेखीने परत उभं राहत नाही.

मग परवानाच नको की परवाना कडक हवा, असा वाद नेहमी होतो. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड एक हजारावरून 50 हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला तेव्हाही सगळी चर्चा रकमेभोवतीच फिरली. इंग्लंडमध्ये यातून काढलेली वाट बघण्यासारखी आहे. तिथे जमीनमालकाला एका तिमाहीत पाच घनमीटरपर्यंत लाकूड विनापरवाना तोडता येतं, मात्र त्यातलं दोन घनमीटरच विकता येतं. त्यापुढे फॉरेस्ट्री कमिशनचा परवाना लागतो. तो मोफत असतो, पण मुख्य तोडीच्या परवान्याबरोबर सहसा त्या जागी पुन्हा झाडं लावून जगवण्याची अट येते. झाडांच्या संख्येऐवजी लाकडाचं मोजमाप, आणि घरच्या वापरापेक्षा विक्रीवर जास्त बंधन, हा फरक कोकणासाठी कामाचा आहे.

महाराष्ट्राने नियम स्वीकारताना एक गोष्ट केली तर बराच घोळ मिटेल: सवलत फक्त लावलेल्या आणि लावतानाच नोंदवलेल्या झाडांना द्यायची, डोंगरउतारावरच्या नैसर्गिक झाडीला जुनीच पाहणी ठेवायची. त्यासाठी नवं काही उभारायलाही नको. 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू असलेल्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. बहुतेक शेतकरी सोयाबीन, कापूस, भात नोंदवतात आणि बांधावरचा साग तसाच सोडून देतात. उद्या राज्याचे नियम काहीही आले तरी झाड कधीपासून आणि कुणाच्या गटात उभं आहे, हे पहिल्यांदा त्याच नोंदीवरून विचारलं जाईल. पुढच्या हंगामाची पाहणी भरताना ती दोन मिनिटं काढलेली बरी.