रेचकाची भीती कुणाला घालता?

बद्धकोष्ठता हा आजार नसून बेशिस्तीची शिक्षा आहे, असे एका व्याख्यात्यांनी नुकतेच भरसभेत सांगितले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पहाटे उठा, तांब्याभर कोमट पाणी प्या, पालेभाज्या खा, चाला, कोठा आपोआप साफ होतो. ज्याचा होत नाही तो आळशी, नाहीतर जिभेचा गुलाम. रेचकाला हात लावू नका, एकदा सवय लागली की आतडे कायमचे निकामी. आणि हा दंडक तीन वर्षांच्या नातवाला तोच, ऐंशीच्या आजीलाही तोच.

पाणी, भाजी, चालणे यांना कोण नाही म्हणेल? पण त्या तीन वर्षांच्या पोराचे काय होते ते या गृहस्थांनी कधी पाहिले आहे का? एकदा शी घट्ट होते, दुखते, क्वचित रक्तही येते. पोर घाबरते आणि पुढच्या वेळी पाय आवळून, दाराआड उभे राहून शी रोखून धरते. घरच्यांना वाटते, बिचारे कुंथते आहे. रोखलेल्या मळातले पाणी आतडे शोषत राहते. मळ आणखी कडक आणि मोठा होतो, पुढची वेळ आणखी दुखते. महिनोन्‌महिने असे चालले की गुदाशय ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. मुलाला ते कळतही नाही. आई जुलाब समजून जुलाब थांबवणारे औषध देते, बाई वर्गात उभे करतात, भावंडे नाक धरतात. अशा मुलाला शिस्तीचा डोस पाजणे हा क्रूरपणा आहे. त्याला कोंडा आणि पालेभाजी कोंबूनही भागत नाही; आत गोळा अडकलेला असताना वरून चोथा भरला तर पोट फुगते आणि दुखणे वाढते. आधी साचलेले बाहेर काढावे लागते, त्यानंतर मळ मऊ ठेवावा लागतो, आणि दोन्ही कामांना औषधच लागते. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज आतड्यात पाणी धरून ठेवतात. त्यांनी आतडे निकामी होत नाही. सोनामुखीबद्दलही, नेहमीच्या मात्रेत ती आतड्याच्या नसा मारते याचा ठोस पुरावा नाही. उलट औषधाच्या भीतीपोटी उपचार लांबला की गुदाशय ताणतच जातो. ज्या हानीची धास्ती घातली जाते, ती औषध न दिल्याने होते!

हा वाद जुना आहे. एके काळी आपल्याकडे नेमका उलट अतिरेक होता : रविवार उजाडला की पोरांच्या घशात एरंडेल, कोठा साफ असो वा नसो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तर साचलेला मळ रक्तात विष कालवतो म्हणून रोग्यांची मोठी आतडी कापून काढली गेली. पुढे १९२२ साली गुदाशयात नुसता कापूस भरूनही तीच डोकेदुखी, तीच मरगळ येते असे प्रयोगात दिसले. रोज एकदा झालीच पाहिजे ही सक्ती त्याच भीतीतून टिकून आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतका मोठा पल्ला निरोगी माणसांत सापडतो.

म्हातारपणाचे पाहा. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजोबांचे आतडे त्या औषधानेच मंदावते. त्यांना पहिल्या गोळीबरोबरच सोनामुखीसारखे रेचक द्यावे लागते. पाणी जेमतेम पिणाऱ्या अशा माणसाला इसबगोल दिले तर तेच आत अडकून बसू शकते. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन आतडे मंद करते, वर लोहाच्या गोळ्या. यांत आळस कुठे आला?

मग करावे काय? निव्वळ अंगावरच्या दुधावरचे महिना-दीड महिन्याचे बाळ चार दिवस न करूनही हसत-खेळत असेल आणि झाली की मऊ होत असेल, तर एरंडेलाची बाटली कपाटातच राहू द्यावी. मात्र जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. तरण्याताठ्या माणसाने जेवणातला चोथा वाढवावा, इसबगोल घ्यायचे तर भरपूर पाण्यासोबत. पन्नाशीनंतर कोठ्याची सवय अचानक बदलली, रक्त पडू लागले किंवा वजन उतरले, तर घरगुती रेचकांत वेळ घालवू नये, तपासणी करावी. आणि लहान मुलाला जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, पाय टेकतील असे पाट ठेवून, न ओरडता बसवावे. त्या वेळी आतडे आपणहून हलते. त्याचे औषध पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, आणि मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच उतरवायची असते.