वॉरलॉर्ड त्यांचे, सरदार आपले

सोमालियाचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य येतं. "टोळ्यांचा देश तो, एकमेकांचे गळे कापणारच!" तिथल्या पुढाऱ्यांना इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'वॉरलॉर्ड' हा शब्द चिकटवला आणि आपणही तो तसाच उचलला. पण दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे जवळपास हेच करणारे जे होते, त्यांना मात्र आपण 'सरदार' म्हणतो. एवढंच नाही, तर त्यातला एक निवडून त्याच्या बाजूने आजही तावातावाने भांडतो.

मंडळी, माझं म्हणणं इतकंच आहे की माप एकच ठेवा. आणि ते गादीवरून नाही, गावातून लावा.

आधी सोमालियाचं बघू. सियाद बर्रे हा हुकूमशहा १९६९ पासून सत्तेवर होता. जानेवारी १९९१ मध्ये तो राजधानी मोगादिशू सोडून पळाला. त्याला हुसकावणाऱ्या संघटनेत दोन मोठी नावं होती. एक अली महदी, धंद्यातला पैसेवाला माणूस. दुसरा जनरल मोहम्मद फराह ऐदीद. हा ऐदीद आपल्याला अगदीच परका नाही बरं का, १९८० च्या दशकात तो सोमालियाचा राजदूत म्हणून दिल्लीत होता! दोघांची संघटना एक, धर्म एक, भाषा एक, मोठं कूळही एकच, हाविये. फक्त पोटशाखा वेगळ्या. अली महदीने स्वतःला अध्यक्ष म्हणवून घेतलं, ऐदीदने ते मानलं नाही. नोव्हेंबर १९९१ पासून चार महिने दोघांनी मिळून राजधानीची चाळण केली. उत्तर भाग एकाचा, दक्षिण भाग दुसऱ्याचा. वरून दुष्काळ. बाहेरून मदतीचं धान्य आलं तर तेही लुटलं जायचं, कारण बंदूकवाल्याला पगार नव्हता. धान्य हाच त्याचा पगार.

आता आपल्या पुण्याकडे या. १८०० मध्ये नाना फडणवीस गेले. पेशवा दुसरा बाजीराव गादीवर होता, पण सत्ता होती ज्याच्याकडे फौज त्याच्या हातात. दौलतराव शिंदे आणि यशवंतराव होळकर. शिंद्यांच्या फौजेने १७९७ मध्ये यशवंतरावाचा भाऊ मल्हारराव पुण्यात मारला. १८०१ मध्ये बाजीरावाने दुसरा भाऊ विठोजी हत्तीच्या पायी दिला. यशवंतरावाचा राग खराच होता, ते नाकारायचं कारण नाही. मग १८०१ मध्ये त्याने उज्जैन मारलं, शिंद्यांनी इंदूर लुटलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली. होळकर जिंकला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या कराराखाली सही करून मोकळा झाला.

गंमत म्हणजे दोघेही पेशव्याचेच सेवक म्हणवत होते. होळकर तर जिंकल्यावरही बाजीरावाला परत बोलावत होता. म्हणजे गादी कोणालाच मोडायची नव्हती. गादीशेजारी दुसरा कोणी नको होता, एवढंच. आणि त्या भांडणात गादीच गेली. अली महदी आणि ऐदीद यांचंही असंच झालं. दोघांनाही अध्यक्ष व्हायचं होतं, आणि शेवटी अध्यक्ष असायला देशात सरकारच उरलं नाही.

पुढचं तर आणखी वाईट. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिला. १८०४ मध्ये होळकर लढायला उभा राहिला, तोवर शिंदे-भोसल्यांनी तह करून टाकले होते. एकेकट्याने लढले आणि एकेकटे हरले.

याची किंमत आमच्या भागाने मोजली. असईनंतर अडगावला हार झाली, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं. ते निजामाकडे गेलं. पुलगावच्या पुलावरून आज आपण पाच मिनिटांत जी नदी ओलांडतो, ती दोन राज्यांची सीमा झाली! इकडे भोसले, तिकडे निजाम. बोली तीच, सोयरिकी त्याच, मालक वेगळे. त्या गावांना कोणी विचारलं होतं?

आणि पेंढारी. शिंदेशाही पेंढारी, होळकरशाही पेंढारी अशी नावंच होती त्यांची. त्यांनाही पगार नव्हता, लूट हाच पगार. म्हणजे मोगादिशूच्या बंदूकवाल्याचंच गणित. १८११ मध्ये ते नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरच्या वस्त्या जाळून गेले. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये वेगळा झाला, तोवर हा सगळा नागपूरचाच मुलूख. इथल्या गावोगावच्या मातीच्या गढ्यांपैकी बऱ्याचशा त्याच धामधुमीतल्या. पेंढारी आले की लोकांनी गढीत शिरायचं आणि जीव वाचवायचा. बाहेरचं पीक, गुरं, घर.. ते गेलंच समजायचं. बऱ्याच ठिकाणी आता नुसता ढिगारा उरलाय, आणि त्याची सहसा कोणी आठवण काढत नाही. सरदारांचे पुतळे होतात, गढीत कोंडलेल्या कुणब्याचा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, यशवंतराव पुढे इंग्रजांशी शर्थीने लढला, त्याला ऐदीदच्या पंक्तीला का बसवता? तो लढला हे खरंच. पण ऐदीदच्या मागे गेलेल्या लोकांनाही तो परकीयांपुढे न झुकणारा वीरच वाटत होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याच्या माणसांनी मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले, तेव्हा तर जास्तच. शौर्य दोन्हीकडे होतं, अन्यायही दोघांवर झाला होता. बर्रेने ऐदीदला कित्येक वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. पण ज्याचं धान्य गेलं त्याला हे सांगून काय उपयोग?

मग यातून वाट नसतेच का? असते, आणि ती सोमाली लोकांनीच दाखवली. उत्तरेकडच्या सोमालीलँडने मे १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. बहुतेक जगाने ते मानलेलं नाही. तिथेही कुळं होती, बंदुका होत्या, आपसात लढायाही झाल्या. पण १९९३ मध्ये बोरामा गावी कुळांची वडीलधारी माणसं महिनोन्‌महिने बसली. पुढे त्यांचंच वरिष्ठ सभागृह झालं आणि बंदूकवाल्या पोरांपैकी अनेकांना सरकारी फौजेत घेतलं. साधी गोष्ट वाटते, पण सगळा फरक तिथेच आहे. पोराला पगार मिळाला की त्याला लुटीची गरज उरत नाही आणि मग सरदाराचीही उरत नाही. १८०२ मध्ये पुण्यात असं बसवून घेणारं कोणी नव्हतं. नाना गेले होते, आणि जे होते ते कुठल्या ना कुठल्या छावणीत होते.

म्हणून मला 'शिंदे बरोबर की होळकर' हा वादच चुकीचा वाटतो. विचारायचं ते हे, की त्यांच्या शिपायांना पगार कोण देत होतं, आणि पगार मिळाला नाही तेव्हा ते कोणाच्या घरात शिरले. सोमालियाला हाच प्रश्न विचारा आणि आपल्यालाही हाच. उत्तर एकच येतं, आणि मग 'टोळ्यांचा देश' म्हणून हसायची हिंमत होत नाही.

असो. बरंच लांबलं. घरातली होळकरभक्त मंडळी रागावणार हे ठाऊक आहे. रागवा, पण एकदा आपल्या गावची गढी बघून या आणि मग बोलू.