किनाऱ्यावरचा निर्णय

खवळलेल्या समुद्रातून एखाद्या खलाशास हेलिकॉप्टरच्या दोराने वर ओढून घेतल्याचे छायाचित्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकले, की वाचकाच्या मनात त्या वैमानिकाविषयी जो आदर दाटून येतो तो सर्वथा यथार्थ असतो, आणि तो तिळमात्र उणा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु त्या आदराच्या आडोशाने दुसऱ्याच कोणाचा कसूर बिनबोभाट झाकला जात असेल, तर त्याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातच्या रोखाने सरकत असता, तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासासाठी समुद्रात नांगरून ठेवलेल्या ‘पी-३०५’ या बार्जचे नांगर तुटले. या बार्जला स्वतःचे इंजिन नव्हते. दुसऱ्या बोटीने ओढल्यावाचून जे जागचे हलू शकत नाही, असे ते जलयान वाऱ्याच्या स्वाधीन झाले, एका निर्मनुष्य तेलफलाटावर आदळले आणि सायंकाळी बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. त्याच वादळात बुडालेल्या ‘वरप्रदा’ या टगवर आणखी १३. या २७४ जणांपैकी १८८ वाचले आणि ८६ मृत्युमुखी पडले. आयएनएस कोची व आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी त्या काळोख्या रात्री डोंगराएवढ्या लाटांतून एकेक माणूस वेचून काढला आणि दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरेही शोधकार्यात उतरली. त्याच सुमारास ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ नावाची दुसरी एक बार्ज वाहवत पालघरच्या किनाऱ्याजवळ जाऊन रुतली होती. तिच्यावरील १३७ जणांना नौदलाच्या सी किंग आणि तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरांनी सुखरूप बाहेर काढले.

‘बाहेर काढले’ या दोन शब्दांत काय काय सामावले आहे, हे भूमीवर वावरणाऱ्या आपणांस सहसा ठाऊक नसते. जमिनीवर हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर धरावयाचे झाल्यास वैमानिक एखादे झाड, एखादी भिंत नजरेत धरून यंत्राचा तोल सांभाळतो. समुद्रावर मात्र नजर खिळवावी असे काही स्थिर नसतेच, खाली लाट सरकत असते, गलबत वरखाली होत असते आणि पावसाच्या पडद्यात आकाश कोठे संपले व पाणी कोठे सुरू झाले याचीही खूण उरत नाही. शिवाय ज्या माणसास उचलावयाचे तो नेमका यंत्राच्या पोटाखाली असल्याने वैमानिकाला दिसत नाही. दारापाशी बसलेला विंचवरचा सहकारी ‘पुढे, आणखी थोडे पुढे, उजवीकडे, थांबा’ असे सांगत राहतो आणि केवळ त्या आवाजाच्या भरवशावर काही टनांचे यंत्र हातभर इकडे वा हातभर तिकडे न्यावे लागते. खाली सोडलेला पोलादी दोर विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा हेलकावे खात असतो. त्याच्या आकड्यात साठलेली वीज आधी पाण्याला वा डेकला टेकवून उतरवावी लागते, अन्यथा अधीर होऊन हात पुढे करणाऱ्यालाच तिचा झटका बसतो. फिरत्या पात्यांचा झोत इतका प्रचंड, की त्यासरशी रबरी तराफा कलंडू शकतो, आणि त्याच झोताने उडालेले खारे तुषार यंत्राच्या इंजिनात शिरतात. चेतकला तर इंजिन एकच असते. दोराने खाली उतरलेला पाणबुड्या सर्वांना वर पाठवून शेवटी वर येतो. आणि या साऱ्याच्या जोडीला, इंधनाचा काटा पाहून आता परत फिरलेच पाहिजे, मग खाली कितीही हात वर झालेले असोत, असा निर्णय वैमानिकाने करावयाचा असतो. माझ्या मते त्याच्या कर्तव्यातील सर्वांत दुःसह भाग हाच होय.

आता प्रश्न असा, की त्या माणसांवर ही वेळ आणली कोणी? वादळ अकस्मात कोसळले नव्हते. हवामान खात्याचे इशारे कित्येक दिवस आधी निघाले होते. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा हुकूम सुटला होता आणि कोळीवाड्यांतील होड्या काठाला लागल्या होत्या. ज्या नाखव्याचे सारे भांडवल एका होडीत गुंतलेले, त्याने हुकूम मानला. आणि कोट्यवधींच्या कंत्राटावर चाललेली, शेकडो माणसे वाहणारी बार्ज मात्र फलाटापासून थोडी दूर सरकवून तेथेच ठेवण्यात आली. मागाहून मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात बार्जच्या कप्तानाविरुद्ध फिर्याद नोंदली गेली. कप्तानाचा दोष असेल तो असो. परंतु पावसाळ्यापूर्वी काम उरकण्याची घाई कप्तानाच्या केबिनीत जन्मास येत नाही, ती किनाऱ्यावरील दप्तरांतून निघते, आणि तेथे बुडण्याचे भय नसते.

यावर असे म्हटले जाईल, की हवामानाचे अंदाज चुकतात आणि प्रत्येक इशाऱ्यास काम तहकूब करू लागल्यास तेल काढणेच अशक्य होईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु वाया गेलेल्या चार दिवसांचा खर्च हिशेबाच्या वहीत मांडता येतो. ‘अगदीच प्रसंग आला तर नौदल आहेच’ हे जे अलिखित गृहीत धरलेले असते त्याचा खर्च मात्र कोणत्याच वहीत चढत नाही, कारण तो दुसऱ्याच कोणाच्या प्राणांतून वसूल व्हावयाचा असतो. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हरी लीला’ या टँकरवरील एका जखमी खलाशास आणण्यासाठी पोरबंदरहून निघालेले तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. चौघांपैकी एक पाणबुड्या तेवढा वाचला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्याच विमानतळावर तसलेच आणखी एक हेलिकॉप्टर पडून तिघे दगावले, तेव्हा तिन्ही सेनादलांतील आणि तटरक्षक दलातील ध्रुव जमिनीवर उतरविणे भाग पडले, आणि सागरी दलांतील ध्रुवांना तर इतरांहून अधिक काळ जमिनीवर राहावे लागले. वैमानिकांच्या धैर्यावर अग्रलेख लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यांच्या यंत्रांच्या प्रकृतीविषयी इतक्या आस्थेने लिहिल्याचे स्मरत नाही.

म्हणून शौर्यपदकांच्या यादीइतकीच एक रुक्ष, कारकुनी तजवीज मला महत्त्वाची वाटते. वादळाचा इशारा मुक्रर झाल्यावर बार्ज बंदरात आणण्याचा अधिकार त्या कंत्राटाच्या नफ्याशी ज्याचा काडीइतकाही संबंध नाही अशा अधिकाऱ्याकडे असावा. आणि कोणी तो हुकूम अमान्य करून माणसे समुद्रात ठेवावयाची म्हटल्यास त्याने आपले नाव, हुद्दा आणि वेळ घालून तसे लेखी द्यावे, व त्या कागदाची एक प्रत, वादळ किनाऱ्याला लागण्यापूर्वीच, जेथून हेलिकॉप्टरांना उडावे लागणार आहे त्या तळाच्या दप्तरी रुजू व्हावी.