आमच्याकडे तर चालते!

वर्गात एखादी कविता मी रंगून शिकवतो, माझे मलाच समाधान वाटते, आणि शेवटच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, म्हणजे नेमके काय?" आपल्याला कळले म्हणजे समोरच्यालाही कळले, ही मास्तरांची जुनी खोड. ती मला घराबाहेरही भोवेल असे मात्र वाटले नव्हते.

2018 साली बाबांची पंच्याहत्तरी झाली. गुडघ्यांमुळे वाईच्या आत्याला येता आले नाही. 2022 साली बाबा गेले. आत्याकडे ना संगणक, ना स्मार्टफोन. टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर तेवढा आहे. म्हणून समारंभाचे चित्रण मी डीव्हीडीवर उतरवले, घरच्या संगणकावर लावून पाहिले, वर बाबांचा फोटो डकवला आणि धाडून दिले.

त्या वर्षी सण नव्हताच. पण बाबांच्या जागी आपण जावे म्हणून भाऊबिजेला वाईला गेलो. पाहतो तो तबकडी देवघरात!

"आत्या, पाहिलीस ना?"

"नाही रे बाळ. ते यंत्र घेतच नाही. म्हटले, दादा आहे त्यात, असू दे देवापाशी."

"पण आमच्याकडे तर चालते!" मी म्हणालो, आणि माझी मलाच लाज वाटली.

परतल्यावर महाविद्यालयातल्या संगणक प्रयोगशाळेच्या सहायकांना शरण गेलो. त्यांनी माझ्या उत्तरपत्रिकेवर भराभर लाल रेघा ओढल्या. संगणकातली फाइल मी जशीच्या तशी उतरवली होती. जुन्या प्लेअरला 'डीव्हीडी-व्हिडिओ' ही ठरावीक मांडणी लागते, तीही आपल्याकडच्या पाल पद्धतीची, सेकंदाला 25 चित्रांची. काटकसर म्हणून पुसून पुन्हा लिहिता येणारी तबकडी घेतली होती. तिच्यावरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे जुने यंत्र चाचपडते. एकदाच लिहिण्याची, चांगल्या प्रतीची डीव्हीडी-आर घ्यावी. 16 पटीची घाई सोडून 4 किंवा 8 पट वेगाने लिहावी. 4.7 जीबी म्हणून काठोकाठ भरू नये. शेवटी 'फायनलाइज' करायला विसरू नये. आणि कागद मुळीच चिकटवू नये. फिरताना तबकडीचा तोल जातो.

"आणि सर," ते म्हणाले, "तपासायची ती दुसऱ्याच्या प्लेअरवर. सापडेल तितक्या जुन्या!"

शेजारच्या आजोबांचा धूळ खात पडलेला प्लेअर काढला. त्यावर चित्र उमटले, तेव्हा कुठे तबकडी वाईला पाठवली.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आत्याचा फोन आला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा विचारतो आहे रे, आमची चिमी कुठे दिसत नाही? चार वेळा लावून ऐकले."

पहिली तबकडी मात्र अजून देवघरातच आहे. "चालत नसली म्हणून काय झाले?" आत्या म्हणते.